कोळकांद्याची जागा

सह्याद्रीच्या एका उभ्या कड्याखाली चाळीसेक घरांचा पाडा होता. त्या पाड्यात एकदा एक जावई राहायला आला. एरवी मुलगी नांदायला जाते, इथे मुलगाच आला. ठकीला भाऊ नव्हता, बाप वारलेला, आई गुडघ्यांनी अधू. म्हणून ठकीशी लग्न लागल्यावर केरू घाटापलीकडचं आपलं गाव सोडून सासूच्या घरी आला. घरजावयाचं जिणं कसं असतं ते काय सांगावं? तो नीट वागला तर सासूचं नशीब, आणि चुकला तर त्याच्या गावाचं वळण. केरू कष्टाळू होता, नजरेचा तेज होता, फक्त जरा लवकर दुखावला जाई. या पाड्याने आपल्याला आपलं म्हणावं, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. ती त्याने कोणाला कधी बोलून दाखवली नव्हती.

त्या पाड्याची एक रीत होती. पाऊस स्थिरावला, रानभाज्या वर आल्या, तरी कोणी लगेच तोंडात घालत नसे. आषाढातला एक दिवस ठरे. त्या दिवशी घराघरांतून भाजीच्या टोपल्या वाघदेवाच्या दगडापुढे येत. पाड्यातली सर्वांत जाणती म्हातारी, जिला सारे थोरली बाय म्हणत, ती एकेका टोपलीवर हात ठेवी. तिने मान हलवली की ती भाजी मोठ्या हंड्यात पडे. शिजल्यावर पहिला घास थोरली बाय स्वतः खाई. दुसरा घास पाड्यात जी कोणी पोटुशी असेल तिला. तिसऱ्यापासून सारा पाडा. त्या दिवसाला 'नवी भाजी' म्हणत.

भाज्यांमध्ये मोठा मान फोडशीचा. ओल्या मातीतून गवतासारखी लांब हिरवी पाती वर येतात, ती कोवळी खुडायची आणि कांदा-मिरचीवर परतायची. पण त्याच मातीतून, त्याच दिवसांत कोळकांद्याचीही पाती वर येतात. मोठेपणी दोघे वेगळे दिसतात. कोवळेपणी मात्र एका आईची लेकरं वाटावीत. एकाची भाजी होते. दुसरा पोटात गेला तर आधी ओकाऱ्या होतात, मग छातीचा ठोका चुकत जातो, आणि जीव लहान असेल तर तो ठोका थांबतोच.

आता कोणी म्हणेल, एवढं आहे तर खणून बघावं. बरोबर आहे. कोळकांद्याला मातीखाली कांदा असतो आणि फोडशीला बोटांसारखी पांढरी मुळं. केरूच्या गावी तीच चाल होती. झाड मुळासकट उपटायचं, मूळ बघायचं, मगच पाती टोपलीत टाकायची. पण तिकडची जमीन काळी आणि खोल. इकडे खडकावर चार बोटं माती. मूळ एकदा उपटलं की त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. म्हणून मुळाला हात लावायचा नाही, वरची पाती तेवढी खुडायची, असा इथला दंडक.

आल्या वर्षीच केरूने मुळासकट भारा आणला होता. तेव्हा शेजारची चिमी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं ठके, तुझा नवरा भाजी आणायला गेलता का तिचा वंश बुडवायला?"

बाया हसल्या. केरूचे कान तापले. त्या दिवसापासून त्याने एकही मूळ उपटलं नाही. दंडक त्याने मनापासून घेतला. पण मूळ बघून जी खातरजमा होत असे ती आता हातात उरली नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. हाताची सवय बदलली आणि मनातला भरवसा तसाच राहिला.

थोरल्या बायचे डोळे हळूहळू दुधाळ होत चालले होते. एका वर्षी नवी भाजी झाल्यावर ती म्हणाली, "माझ्यामागं कुणीतरी हे करायला पायजे. कोण येतं माझ्यासंगं?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणाची लेकरं लहान, कोणाची गुरं. मागून केरू म्हणाला, "मी येऊ?"

चिमी फिसकन हसली. "बाप्या माणूस भाजी पारखणार? आणि तोही पलीकडचा?"

"डोळं काय बाईचं निराळं आन् बाप्याचं निराळं असतं?" बाय म्हणाली. "त्याचं पाय चालतात का?"

"चालतात की."

"मग झालं तर. ऐक रं जावया. बोलावीन तेव्हा यायचं. कशाला म्हणून विचारायचं नाय. आणि मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

केरू हरखला. मान मिळवण्याची वाट त्याला सापडली होती.

पण पुढे जे शिक्षण सुरू झालं ते काही त्याच्या मनासारखं नव्हतं. श्रावणात बाय त्याला रानात नेऊ लागली. तेव्हा फोडशीला पांढरी फुलं आलेली असतात, कोळकांद्याची पाती रुंद झालेली असतात. ती दोन्ही शेंबडं पोरही ओळखील. बाय एकेका जागी फतकल मारून बसे आणि विचारी, "इथं कोण हाय?"

"फोडशी."

"आणि त्या दगडाच्या अंगाला?"

"कोळकांदा."

"डाव्या हाताला काय हाय तुझ्या?"

"ऐनाचं झाड. त्याची एक फांदी वाळलीय."

"बरं. बस जरा."

आणि दोघं नुसतीच बसत. कार्तिकात पाती पिवळी पडली, तरी बायचं बोलावणं येई. मार्गशीर्षात सगळं वाळून गेलं, जमीन उघडी पडली. तरी बाय त्याच जागी येऊन बसे आणि पुन्हा तेच विचारी, "इथं कोण हाय?"

"इथं? इथं कुणी नाय, बाय. माती हाय नुसती."

बाय रागावत नसे. "असू दे. उद्या परत येऊ," एवढंच म्हणे.

वैशाखात तर कहर झाला. दगड तापून भाकरी भाजावी असे दिवस. म्हातारी काठी टेकत पुढे आणि केरू घाम पुसत मागे. पाणवठ्यावरून चिमी ओरडे, "जावईबापू, उन्हाची भाजी आणताय व्हय? आम्हालाबी द्या की वाटीभर!"

त्या उन्हात, उघड्याबोडक्या मातीतून, कमरेएवढे उंच दांडे उभे असत. एकही पान नाही, आणि वर मळकट पांढरी फुलं. केरू म्हणे, "कोळकांद्याचा दांडा." बाय म्हणे, "नीट बघून ठेव." आणि बसे.

एक दिवस केरूला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाय, आता खूण सांग की. पात्यावर रेघ असती, का वास येतो, का मोडल्यावर चीक निघतो? सगळं म्हणतात, थोरल्या बायकडं एक खूण हाय."

बाय बोळक्याने हसली. "हाय की."

"मग दे ना."

"देतेच हाय वर्षभर. तू घेशील तेव्हा खरं."

केरू घुमा होऊन घरी आला. ठकीला म्हणाला, "म्हातारी नुसती रानात बसवती. खूण तिच्या पोटच्यांसाठी राखून ठेवली असंल."

"तिला पोटचं हाय कोण?" ठकी म्हणाली. तिला दिवस गेले होते. आधीचं एक पोट चौथ्या महिन्यात गळालं होतं, म्हणून ती या वेळी सावकाश चाले, सावकाश बसे. "आणि जा की तुम्ही रानात. तेवढीच दुपारची मला झोप मिळती."

केरूने मनाशी ठरवलं, खूण आपली आपणच शोधायची. ज्येष्ठात पाती वर येऊ लागली तशी तो बसल्या जागी वाकून वाकून बघू लागला. फोडशीचं पातं बुडाशी पांढुरकं असतं आणि कोळकांद्याचं हिरवं, असं त्याला वाटलं. बायसोबत बसला होता त्या दहा जागी त्याने ते ताडून पाहिलं. दहाही ठिकाणी जुळलं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हातारीने लपवलेली खूण त्याने न मागता मिळवली होती! त्याने हे तिला सांगितलं मात्र नाही. नव्या भाजीच्या दिवशी सगळ्यांसमोरच कळू दे, असं त्याने ठरवलं.

त्या वर्षी नव्या भाजीच्या आधी बायचे पाय सुजले. तिला डोंगर चढवेना. तिने केरूला बोलावून सांगितलं, "यंदा फोडशी तू आण, आणि पहिला घासबी तूच घे. पण आपण जिथं जिथं बसलो, तिथलीच खुड. बाकी रान कितीबी हिरवं असू दे, पुढं चालू लाग."

"व्हय," केरू म्हणाला. पहिला घास आपला, हे ऐकल्यावर पुढचं त्याच्या कानावरून गेलं.

सकाळी तो, चिमी आणि आणखी दोघी बाया टोपल्या घेऊन निघाल्या. बसल्या जागांवर जाऊन पाहतात तो शेळ्यांनी आधीच तोंड मारलेलं. वरच्या टेपावर, म्हणजे त्यांच्या बसायच्याच एका उंचवट्यावर, कशीबशी टोपलीच्या तळाला पुरेल एवढी भाजी मिळाली. केरूचा जीव खाली-वर होऊ लागला. आपल्या पहिल्याच वर्षी हंडा रिकामा राहिला तर लोक काय म्हणतील?

तेवढ्यात चिमीने हाक मारली, "जावईबापू, अहो इकडं बघा की!"

ओढ्याच्या वळणावर गेल्या पावसात कड्यावरून दरड घसरून आली होती. त्या नव्या मातीवर हिरवीगार पाती दाटीने उभी होती. शेळ्यांना तिथे उतरता आलं नव्हतं. दगडांतून बायलाही उतरता येत नसे, म्हणून वर्षभरात ती दोघं तिथे कधी गेली नव्हती.

"बायनं सांगितलंय, बसलो तिथलंच..." केरू म्हणाला.

"बायला आता दिसतंय का? तिला आपल्या चार जुन्या जागा ठाऊक." चिमी टोपली कडेवर घेऊन उभी होती. "पारखी तुम्ही हाय का ती?"

हा प्रश्न बरोबर जागी लागला. केरू दगडांतून खाली उतरला. वाकून एक पातं बुडाशी पाहिलं. पांढुरकं. दुसरं पाहिलं. पांढुरकं. तो झपाझप खुडू लागला आणि बायाही त्याच्या मागून खुडू लागल्या. मध्येच एका पात्याचं बूड त्याला जरा हिरवट वाटलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. आभाळ भरून आलंय, उजेड कमी आहे, म्हणून तसं दिसत असेल, असं म्हणून त्याने ते टोपलीत टाकलं. तीन टोपल्या काठोकाठ भरल्या. टेपावरची भाजी आणि ओढ्यावरची भाजी, सगळी मिसळून गेली.

दुपारी वाघदेवाच्या दगडापुढे सारा पाडा जमला. चुलाणावर हंडा चढला होता, तेलात मिरची तडतडत होती, पोरं ठसकत होती. थोरल्या बायला घोंगडीवर आणून बसवलं होतं. पुढच्या ओळीत ठकी पानांचा द्रोण मांडीवर घेऊन बसली होती, कारण त्या वर्षी पाड्यात तीच एक पोटुशी. केरूची सासू शेजारणीला सांगत होती, "आमचा जावई खाणार बरं का आज पहिला घास." एवढ्या वर्षांत सासूच्या तोंडून 'आमचा' हा शब्द केरूने पहिल्यांदा ऐकला.

एकेक टोपली पुढे येऊ लागली. बाय टोपलीवर हात ठेवी.

"कुणाची गं?"

"माझी, सखूची. टाकळा हाय."

"कुठला?"

"बांधावरचा. खालच्या चिंचंपाशी असतो तो."

बायने मान हलवली. टाकळा हंड्यात गेला.

"ही कुणाची?"

"माझी, बाय. कुर्डू. गोठ्यामागचा."

पुन्हा मान हलली. केरू तिच्या अगदी जवळ उभा होता. आजवर त्याला आणि सगळ्यांनाच वाटे, म्हातारी हाताने भाजी पारखते आणि तोंडाने आपल्या गप्पा मारते. आज जवळून त्याने पाहिलं. तिचा हात भाजीवर होता, पण तो भाजी चाचपत नव्हता. नुसता ठेवलेला होता. दुधाळ डोळे भाजीकडे नव्हते, बोलणारीच्या तोंडाकडे होते. ती फक्त उत्तर ऐकत होती. कुठला? कुठली? ती जागेचं नाव ऐके, क्षणभर गप्प राही, जणू त्या बांधावर, त्या गोठ्यामागे जाऊन येई, आणि मग मान हलवी.

वर्षभर बाय त्याच्या ओंजळीत काय टाकत होती, ते त्याला त्या क्षणी कळलं. पात्यावर कुठली खूण नव्हतीच.

"ही फोडशी का?" बायचा हात त्याच्या टोपलीवर आला होता. "कुठली रं?"

टेपावरची, एवढा एक शब्द म्हटला असता तर काम झालं असतं. अर्धं खरंही होतं. सासू हसऱ्या तोंडाने बघत होती. चिमी खाली मान घालून टोपलीचा काठ उकरत होती. ठकीने द्रोण पुढे सारला आणि कोणाशी तरी काही बोलून हसली. तिचा एक हात पोटावर होता.

"काही टेपावरची," केरू म्हणाला.

"आणि?"

"बाकीची ओढ्याच्या वळणावरची. दरड आलीय तिथली."

"तिथं आपण कधी बसलो?"

"नाय बसलो."

"मग तिथं कोण राहतं?"

केरूने एकदा ठकीकडे पाहिलं. "मला ठाऊक नाय, बाय."

नुसता हंडा रटरटत होता.

"कुठली कुठल्या टोपलीत हाय?"

"मिसळलीय. तिन्हीत."

बाय गुडघ्यावर हात टेकून उठली. सुजल्या पायांनी दोन पावलं पुढे आली. तिने पहिली टोपली उचलली आणि सगळ्यांच्या देखत चिखलात पालथी केली. मग दुसरी. मग तिसरी. मग खाली बसून दोन्ही हातांनी त्यावर माती ओढू लागली.

"अगं बाय!" चिमी किंचाळली. "अर्धी तरी चांगली असंल की!"

"असंल."

"मग?"

"अर्धी कुठली ते सांग, आणि उचल."

चिमी वाकली, हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

पाड्याचा कारभारी हिरू रागाने लाल झाला होता. "निदान विषारी होती का नव्हती, ते तरी सांग. का उगाच सोन्यासारखी भाजी मातीत घातलीस?"

"मला काय ठाऊक? मी तिथं कधी बसले नाय."

"द्या त्या केरूलाच पहिला घास," मागून कोणीतरी म्हणालं. "त्यानं आणलीय. कळंल लगीच."

त्यावर मात्र बायने मान वळवली. ती आवाज चढवत नसे, पण तिचं बोलणं मागच्या ओळीपर्यंत गेलं.

"पहिला घास तपासायला नसतो, बाबांनो. विष काय जिभंवर येऊन नाव सांगतं? ते माणूस घरी जाऊन आडवा झाल्यावर सांगतं. तोवर सगळ्यांचं खाऊन झालेलं असतं. पहिला घास एवढ्यासाठी, की खुडणाऱ्याला खुडताना आपला जीव आठवावा." तिने हाताची माती झटकली. "माझ्या आईला पाती ओळखता यायची. सगळा पाडा तिला विचारायचा. एका वर्षी तिनं आणलेली भाजी आम्ही खाल्ली. माझी धाकटी बहीण काशी, चार वर्षांची, ती सकाळी उठली नाय. आई मरेपर्यंत म्हणायची, अगं, पातं तर तेच होतं. आई खोटं नव्हती बोलत. पातं तेच होतं."

बाय पुढे म्हणाली, "आपण खातो कोवळं, आणि ओळख पटती ती जून झाल्यावर. मग माणसानं करावं काय? वैशाखात कोळकांदा उघड्यावर उभा असतो. पान नाय, आडोसा नाय, फुलासकट उभा. तेव्हा तो कुणापासून लपत नाय. पण तेव्हा आपल्याला भाजी नको असती, म्हणून आपण तिकडं जात नाय. आषाढात पोट मागतं तेव्हा जातो, आणि तेव्हा सगळंच हिरवं असतं. भाजी बघून सांगता येत नाय, बाबा. आधी बघून ठेवलेलं असलं तरच सांगता येतं."

मग तिने केरूला जवळ बोलावलं. टाकळा आणि कुर्डू शिजला होता. हंड्यातली एक पळी तिने द्रोणात घेतली आणि त्याच्यापुढे धरली. "घे. पहिला घास."

"त्याला?" हिरू म्हणाला. "आजच तर त्यानं..."

"आजच. मला ठाऊक नाय, असं तो सगळ्या पाड्यासमोर म्हणाला. आपल्या बायकोच्या, सासूच्या तोंडावर म्हणाला. मला ते म्हणायला शिकायला एक बहीण जावी लागली."

केरूने घास तोंडात घातला. मग ठकीने दुसरा घास घेतला आणि चवीने खाल्ला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली. लोक हसले, आणि अवघडलेले हात द्रोणांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरू बायकडे गेला. म्हणाला, "बाय, एकदा खणून बघू का तिथं? तुझा दंडक मोडून?"

"बघ. एकदाच. आणि खणशील ते होतं तसं परत पूर."

"कोळकांदा निघाला तर तोबी?"

"तोबी. तो तिथला हाय. तू त्याला उपटून फेकलंस तर पुढल्या वर्षी त्या जागेला काय विचारशील?"

केरू पहार घेऊन ओढ्याच्या वळणावर गेला. भुरभुर पाऊस होता. एक हात रुंदीची जागा त्याने हलक्या हाताने उकरली. तेवढ्या जागेत पाच झाडं होती. पहिल्या चौघांच्या खाली बोटांसारखी पांढरी मुळं. पाचव्याच्या खाली मुठीएवढा कांदा. त्याने त्याची खुडून उरलेली पाती बुडाशी निरखून पाहिली. नव्या, भुसभुशीत मातीत खोल दबून आल्याने तीही पांढुरकी झाली होती. शेजारच्या फोडशीची पाती त्या पात्यांत विणल्यासारखी गुंतली होती. त्याने दोन्ही हातांत एकेक पातं धरलं, डोळे मिटले, हात अदलाबदल केले आणि उघडले. कुठलं कोणतं, ते खाली मूळ बघितल्यावाचून त्याला सांगता आलं नाही. पाऊस पडतच होता आणि तो कांद्याकडे बघत उकिडवा बसून राहिला. किती वेळ, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

वरून दगड घरंगळला. चिमी उतरत होती. तिने तो कांदा पाहिला, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. तिच्या घरी तीन लेकरं होती. तिन्ही काल द्रोण घेऊन पहिल्या ओळीत होती.

ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. दोघांनी मिळून फोडशीची मुळं मातीत बसवली, कांदाही बसवला, आणि वरून हाताने माती सारखी केली. काम झालं तरी दोघं लगेच उठली नाहीत. समोर ओढ्यात एक अर्धा बुडालेला काळा दगड होता, पलीकडे करवंदीची जाळी, वर दरडीची ताजी लाल जखम. केरू ते एकेक करून बघत होता. थोड्या वेळाने चिमीही बघू लागली.

माणसांकडेही आपण बहुधा काम असतं तेव्हाच जातो, आणि मागाहून म्हणतो, ओळखायला चुकलो.